शिंगाच्या हँडलची सायकल

पुणे, २ सप्टेंबर २०२४

ती. धुळाजीमामांस,
योगिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि तुम्ही "बरं हाय, बरं हाय" करून फोन रतनमामीच्या हातात देता. म्हणून पत्रच लिहिते. मामी सांगत होती, हरणी घोडी गेली. आणि तुमचा गहिनीनाथ आता कळप विकायचाच म्हणून हटून बसलाय म्हणे. घोडी नाही, तर मेंढरांभोवती लावायची ती भलीमोठी वाघर, पिठाचं पोतं, भांडी, वाटेत जन्मलेली कोकरं हे सगळं वाहणार कोण, असं तो म्हणतो. दिवाळीचा पाडवा झाला की व्यापारी येऊन मेंढरं नेणार, हे खरं का?

मामा, माझ्या डोक्यात एक आलंय. मी ज्या सायकलच्या दुकानात काम करते, तिथे लांबच्या प्रवासाची एक नवी सायकल आलीये. किंमत बेताची, सांगाडा पोलादी, पुढे-मागे ओझं लावायची सोय. मालकांना ती कोणाकडून तरी महिनाभर वापरून हवी आहे. रिकामी कशी चालते, भरून कशी चालते, हे गिऱ्हाइकाला खरं सांगता आलं पाहिजे. इथली पोरं दोन पिशव्यांत पुस्तकं भरून डांबरी रस्त्यावर चक्कर मारून येतात आणि म्हणतात मस्त आहे. मी मालकांना म्हटलं, माझा मामा बघा, उभा जन्म ओझं घेऊन हिंडलाय. ते लगेच हो म्हणाले. महिन्यानंतर सायकल तुमचीच.

आई आजारी होती त्या वर्षी मी सात वर्षांची, अख्खा हिवाळा तुमच्याबरोबर गंगथडीला, गोदेकाठच्या रानात, काढला होता. मला अजून आठवतं, तुम्ही तांबडा पटका बांधून घोडीवर बसून पुढे चाललाय आणि मागे दीडशे मेंढरांची धूळ. तसेच या सायकलवर बसून चाला, आणि गहिनीला दाखवून द्या.

सोबत प्रश्नांचा कागद आहे. गिअर, ब्रेक, सीट, टायर, सगळ्याबद्दल लिहा. माझं मन राखायला गोड लिहू नका हं.

तुमची,
योगिता

*

धनगरवस्ती, ता. शिरूर कासार
१८ सप्टेंबर २०२४

चि. योगितास धुळाजीमामाचा आशीर्वाद.

तुपलं पत्र मिळालं आन चार दिसांनी सायकल बी मिळाली. शिरूरच्या स्टँडवर यष्टीच्या टपावरून उतरवली तवा निम्मा बाजार गोळा झालता. सटवा न्हावी म्हणला, "धुळाजी, ह्या सायकलीला मेंढ्याची शिंगं कावून लावलीत बे?" खरंच की! हँडल दोन्हीकडून वळून खाली आलंय, अगदी आपल्या थोरल्या नरावाणी. तुमच्या पुण्याच्या लोकांनी ह्यात आमची आठवण ठेवली म्हणायची.

गहिनीचं म्हणशील तर खरं हाय. पोरगं वाईट न्हाई, पर त्यो आन त्याची बायको वर्षाराणी दरसाली ऊसतोडीला जातेत, मागं आमी दोघं म्हातारी आन कळप. त्याला घोर लागतो. हरणी व्हती तवर गप व्हता.

आता तुझ्या कागदाचं. रिकामी सायकल शिरूरहून वस्तीवर आणली, दोन तास लागले. रिकामी असली की लई हलकी, खडीवर पुढचं चाक टणाटणा उडतं. येड्या बाभळीचा एक काटा घुसला, पर टायर जाड हाय, आतवर गेला न्हाई. ब्रेक चांगले. घंटी न्हाई, ती का न्हाई ते इचार. आन सगळ्यात मोठं, पोरी, हिला स्टँड न्हाई! ओझं लादायच्या जनावराला उभं राहता येत न्हाई, असलं कुठं असतं व्हय? मी बाभळीचं बेचकं तोडून टेकू केलाय. ज्यानं ही सायकल बनवली त्याला सांग, तू कवा पोतं लादलं न्हाईस, बाबा.

रतनी म्हणती, सायकल देखणी हाय. मी म्हणलं, हरणीच्या पासंगाला बी न्हाई. मग तिनं दोन दिस मला चहा दिला न्हाई.

तुझा मामा,
धुळाजी

*

पुणे, २७ सप्टेंबर २०२४

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. स्टँडचं वाक्य ऐकून मालक आधी हसले, मग त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. घंटी पाठवतेय, पितळी आहे.

पण मामा, शिरूर ते वस्ती दोन तास? सात-आठ किलोमीटर तर आहे. बहुतेक सीट खाली राहिली असणार, त्यानं गुडघ्यांवर ताण येतो. पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. गहिनीकडून वर करून घ्या. चढाला मागची सगळ्यात मोठी चकती वापरा, पाय फुलासारखा फिरेल. सीट टोचते का तेही लिहा, तक्रारी सगळ्यात जास्त तिच्याच असतात.

आता भरून बघा. खरी परीक्षा तीच.

योगिता

*

धनगरवस्ती
९ ऑक्टोबर २०२४

चि. योगितास आशीर्वाद.

घंटी बसवली. ती वाजली की मेंढरं माना वर करतेत. उपेगी हाय.

आता भरल्या सायकलीचं ऐक. पहिल्या दिशी सगळं मागं लादलं. पिठाचं पोतं, वाघर, तवा, परात. तर हँडल असं थरथरायला लागलं, जणू हिवताप आलाय. मी म्हणलं, झालं, गेली ही. मग रतनी म्हणली, "हरणीवर असं लादलं असतं तर तिनं लाथ घातली असती." लई खरं बोलली. घोडीवर ओझं दोन्ही अंगाला सारखं, खाली आन निम्मं पुढं लागतं. तसं केलं. वाघरीचे दोन भारे करून पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना, पीठ मागं खाली, भांडी मधी, वरून केसांच्या दोरीनं आवळलं. मग अशी चालली, जशी पाण्यावर नाव. खडीवर रिकामी उडत व्हती, ती भरल्यावर एकदम शानी झाली. तवा तुझ्या मालकाला सांग, ही सायकल रिकामी बघून कोणी घेऊ नका. ही ओझ्याची हाय.

उतारावर ब्रेकनं भार धरला. मागच्या चाकाच्या दोन तारा सैल झाल्यात, त्या शिरूरला आवळून घेतल्या. गिअरचं काय अडलं न्हाई. सीटबद्दल तक्रार न्हाई.

गहिनीनं मला एक शर्त घातलीय. कळप सगळ्या बोजासकट नारायणगडापर्यंत न्यायचा आन माघारी आणायचा, वाटेत मुक्काम करून, जसं गंगथडीला जातो तसंच. कुणाचं वाहन घ्यायचं न्हाई. जमलं तर त्यो व्यापाऱ्याला नको म्हणणार आन मी दिवाळीनंतर गंगथडीला जायला मोकळा. न्हाई जमलं तर कळप गेला. पुढच्या आठवड्यात निघतो. संगं रतनी आन वर्षा. गहिनी ट्रॅक्टरवर कामाला हाय, त्यो घरी राहील.

पोरी, पंचेचाळीस वर्सं मी ह्या मेंढरांच्या मागं हाय. मला त्यांच्या बिगर झोप येत न्हाई. तू सायकल धाडलीस, लई उपकार झाले. ही शर्त मी जिंकणार.

तुझा मामा

*

धनगरवस्ती
२० ऑक्टोबर २०२४

सौ. योगिताताईंना वर्षाराणीचा नमस्कार.

मी गहिनीनाथची बायको. लग्नात आपण भेटलो होतो, तुम्ही माझ्या नथीचं कौतुक केलं होतं. हे पत्र मी कुणाला न सांगता लिहिते. अक्षराला हसू नका.

ताई, आमचे तात्या, म्हणजे तुमचे मामा, सायकलवर बसतच नाहीत. एकदाही बसले नाहीत. सीटवरचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच आहे. ते हँडल धरून सायकल ढकलत चालतात. शिरूरहून आणली तेव्हाही ढकलतच आणली. घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही.

पण मी लिहिते ते त्यासाठी नाही. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. सकाळी उठताना भिंत धरतात. दोन वर्षांपासून हरणीच्या मानेवर हात टाकून चालत होते आणि आम्हाला वाटायचं माया आहे. तशी माया होतीच म्हणा. आता सायकलच्या आधारानं चालतात.

नारायणगडाला निघालो तर पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी चढाला त्यांचा पाय मुडपला आणि ते बांधावर बसले ते उठेचनात. आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या मामींनी, चिंध्या बांधल्या. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वर्षे, गहिनीला सांगू नको." मोठ्या माणसाला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी काय केलं सांगते. आठवीत मला शाळेतून सायकल मिळाली होती. माहेरून, नेकनूरजवळच्या वस्तीवरून, दोन वर्षं शाळेला सायकलवर गेले. लग्नानंतर हात लावला नव्हता. या सायकलला मधे दांडी, साडीत कसं बसायचं? तर तात्याच म्हणाले, पिशवीत ड्रेस असंल तर घाल, मी तोंड फिरवतो. सासऱ्यासमोर ड्रेस! मी घातला. भरलेली सायकल मी पुढच्या मुक्कामाला नेली, बोजा उतरवला आणि रिकामी घेऊन माघारी आले. तेवढ्यात दोन मेंढ्या व्याल्या होत्या. ती कोकरं टोपलीत घालून परत पुढे. तात्या काठी टेकत, बसत बसत दुपारनंतर पोचले. येताना पण तसंच केलं.

घरी आल्यावर यांनी बोजा पाहिला, मेंढरं मोजली, आणि म्हणाले, शर्त जिंकलात दादा. व्यापाऱ्याला नको म्हणून फोनही केला. तात्या हसले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आता मी काय करू? खरं सांगितलं तर कळप विकला जाईल आणि तात्या खचतील. नाही सांगितलं तर दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जाऊ, आणि हे दोघं म्हातारी गंगथडीला. कुठल्या तरी रानात तात्या पडले तर आत्याबाई एकट्या काय करतील? रात्रंदिवस हाच विचार आहे. तुमचं ते ऐकतात. तुम्हीच काहीतरी करा.

आपली,
वर्षाराणी

*

पुणे, २५ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस सा. न.

मला सगळं कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका आणि तिच्यावर रागावू नका.

मामा, मला राग आलाय, आणि तुमचा नाही, माझा स्वतःचा. सीट वर करा, पाय सरळ ठेवा, फुलासारखा फिरेल. काय काय शहाणपण शिकवत बसले मी! तुम्हाला चालता येत नाही आणि मी तुम्हाला गिअर शिकवतेय. पण तुम्ही मला लिहिलं का नाही? मी परकी आहे का? आई असती तर तिला सांगितलं असतंत की नाही?

आणि सायकलवर बसला का नाहीत? बसून पायडल मारणं चालण्यापेक्षा गुडघ्याला सोपं असतं. घोडीवर तर किती रुबाबात बसायचात.

गहिनीला खरं सांगा. तुम्हीच सांगा. दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्याला लागेल.

योगिता

*

धनगरवस्ती
३० ऑक्टोबर २०२४

चि. योगितास आशीर्वाद.

वर्षावर मी कशाला रागावू? तिनं माझी लाज राखली.

आधी घोडीचं सांगतो. पोरी, मी जन्मात घोडीवर बसलो न्हाई. हरणीवर न्हाई, तिच्या आईवर न्हाई. आपल्यात घोडं ओझ्याला असतं. तिच्यावर संसार असतो, कोकरं असतेत, लेकरू दमलं तर लेकरू. मेंढका बसला तर मेंढरांच्या मागं कोण चालणार? त्या हिवाळ्यात घोडीवर तू बसलतीस. तांबडा पटका मपलाच, पर थंडी वाजती म्हणून तुझ्या डोक्याला गुंडाळलता. मी कासरा धरून खाली चालत व्हतो. तू सात वर्साची, दोन कोकरं मांडीवर घेऊन बसायचीस आन वरून मला हुकूम सोडायचीस, मामा हिकडं, मामा तिकडं. तुला उलटं कसं आठवलं काय माहीत. वाचून आधी हसू आलं, मग रतनीला बी वाचून दाखवलं.

तवा तू सायकल धाडली, मी समजलो घोडीच्या जागी धाडली. तिच्यावर बसायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तू सीटचं इचारलंस तवा कळलं की तुला वाटतंय मी बसतो. मग लिहायला लाज वाटली. इतक्या हौसेनं धाडलीस, आन मामा ढकलतोय म्हणलं तर तुला कसं वाटंल, म्हणून गप बसलो.

आता गुडघ्याचं. चुलत्यांचे गुडघे असेच गेलते, त्यांना घरी बसवलं आन सा म्हैन्यांत माणूस आटोपला. ती भीती हाय, दुसरं काय न्हाई.

बांधावर बसलतो ना, तवा एक गोष्ट झाली ती वर्षाला बी माहीत न्हाई. मेंढरं पुढं गेली, शंभर पावलं गेली, आन थांबली. चारा नव्हता, पाणी नव्हतं, उगं थांबली आन माझ्याकडं बघाय लागली. पोरी, आजवर मी त्यांच्यासाठी थांबलोय. लंगडीसाठी, व्यालेलीसाठी. माझ्यासाठी मेंढरं कवा थांबली नव्हती. मला तिथंच कळलं, आता माझ्यानं व्हणार न्हाई. तरी बी घरी येऊन शर्त जिंकलो म्हणून हसलो, इतका मी हट्टी.

तू म्हणतीस तसं गहिनीला मीच सांगतो. पाडव्याला मेंढरं रंगवायची असतेत, घरचे सगळे मेंढरांच्या वाड्यावर असतेत. तवा सांगतो. पुढं काय व्हईल ते खंडोबाला माहीत.

तुझा मामा,
धुळाजी

*

पुणे, ६ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र आल्यापासून रोज ते काढून वाचते. इतकी वर्षं मी ती आठवण लोकांना सांगत आलेय, माझा मामा घोड्यावरून मेंढरं राखायचा म्हणून. आता सांगताना मी वर आणि तुम्ही खाली असं सांगावं लागणार. कासरा धरून तुम्ही किती कोस चालला असाल, मामा.

दुकानासाठीचा मजकूर लिहून दिला. त्यात लिहिलं: "ही सायकल रिकामी बघून ठरवू नका. ओझं सारखं, खाली आणि निम्मं पुढे लावा. जाड टायर काट्याला पुरतो. भरून नेल्यावर मागच्या तारा तपासा. स्टँड वेगळा घ्या." मालकांनी विचारलं, हे कोणाचं मत? म्हटलं, ज्यानं ती सगळ्यात सावकाश चालवली त्याचं.

पण पाडव्याला काय झालं? गहिनी काय म्हणाला? जीव टांगणीला लागलाय. मामीचा फोनही लागत नाही.

योगिता

*

धनगरवस्ती
१४ नोव्हेंबर २०२४

चि. योगितास आशीर्वाद.

रतनीचा फोन लागत न्हाई कारण रतनी घरी न्हाई. सगळं सांगतो.

पाडव्याला मेंढरं रंगवली, ओवाळली. नैवेद्य झाला. मग मी गहिनीला म्हणलं, "बाबा, नारायणगडाला बोजा मी नेला न्हाई, तुझ्या बायकोनं नेला." एका दमात सगळं सांगून टाकलं. पोरगं उठून मेंढरांकडं एक चक्कर मारून आलं. मग म्हणालं, "दादा, म्हंजी कळप विकायचाच की." मी म्हणलं, तू धनी, तू सांगशील तसं.

तवा वर्षा बोलली. घरात मोठ्यांसमोर ती कवा बोलत न्हाई. म्हणली, "मला ऊसतोडीला यायचं न्हाई. कळप विकू नका. सायकल मी नेते. मुक्कामाला भरून जायचं, रिकामी माघारी यायचं, मेंढरांच्या आधी चूल पेटलेली आसंल. तुमी मेंढरामागं चाला." गहिनी म्हणला, "मला मेंढरातलं काय कळतं?" तर रतनी म्हणली, "मला कळतं. मी येते. गुडघे ह्यांचे गेलेत, मपले न्हाईत."

असं एका घटकेत ठरलं बघ. ऊसतोडीच्या टोळीत त्यांनी आजून नाव दिलं नव्हतं, ते बरं झालं. माझ्याकडं सगळे बघाय लागले. घोंगडं काढलं आन गहिनीच्या खांद्यावर टाकलं. त्याला ते नीट घेता बी येईना. रतनीनं घडी घालून दिली.

पाडव्याच्या तिसऱ्या दिशी तिघं निघाले. वर्षा ड्रेस घालून सायकलीवर, गळ्यापर्यंत बोजा. लोक बघत व्हते, बघू दे. मी वेशीपर्यंत गेलो. माघारी येऊन वाड्यात बसलो तर वाडा सगळा मोकळा. खोटं कशाला बोलू, लई रडलो. मग चुलीवर भाकर टाकली, ती जळाली. काल जरा बरी झाली. एक लंगडी मेंढी आन तिचं कोकरू माझ्यापाशी ठेवलंय, तेवढ्यावर सध्या भागवतो.

आता एक बोलायचं हाय, ते इतकी वर्सं बोललो न्हाई. दिवाळीपासून आखाडापर्यंत मला कवाच पत्ता नव्हता. आज ह्या रानात, उद्या त्या. तुझी आई, भिवरा, गेली तवा तुझ्या बापानं लगेच पत्र घातलं, पर ते माझ्या मागं तीन गावं हिंडलं. मी गंगथडीला एकाच्या कापसाच्या रानात मेंढरं बसवलती, मजेत व्हतो. आलो तवा तेरावा बी होऊन गेलता. एकुलती एक बहीण, आन तिला माती द्यायला मी नव्हतो. तू दारात उभी व्हतीस, एकोणीस वर्साची. मला पाणी दिलंस आन एक सबद बोलली न्हाईस. तू भांडली असतीस तर बरं वाटलं असतं. मागच्या म्हैन्यातल्या पत्रात लिवलंस, आई असती तर सांगितलं असतंत का म्हणून. तिला सांगितलं असतं, पोरी. पर तिचं ऐकायला मी नव्हतो.

आता मी घरी हाय. दिवाळीला, शिमग्याला, बाराही म्हैने. सुख असू दे, दुखणं असू दे, तू नुसतं कळीव. ज्या दिशी कळंल त्याच दिशी यष्टीत बसून मी येतो.

तुझा मामा,
धुळाजी